गोण्यांच्या बांधातलं दारं

१

भागवतचं प्रेत पुलाच्या तिसऱ्या मोरीत अडकलेलं सापडलं, तेव्हा त्याच्या उजव्या मनगटाला ताडपत्रीची दोरी दोन वेढे देऊन गुंडाळलेली होती. पोलिसांनी ती कापली आणि दिली पाण्यात फेकून. अहो, मेलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते तरी बघाल की नाही? पण सत्यवान मकासऱ्याचं ऐकतंय कोण! बत्तीस वर्षं मी पाटकरी होतो, कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीनं वाटून दिलं. आता रिटायर. रिटायर माणसानं काठावर उभं राहून खोकायचं, एवढीच लोकांची अपेक्षा असते.

आमचं चिंचओहळ देवळाली प्रवरेपासून वीस मिनिटांवर. गावाच्या मधून ओढा जातो आणि पावसाचं सगळं पाणी तोच वाहून नेतो. त्याच्या भिंती ढासळल्या होत्या, म्हणून दोन्ही अंगांना काँक्रीट घालायचं काम निघालं. वास्तविक हे काम उन्हाळ्यात व्हायचं, पण आपल्याकडं उन्हाळ्याची कामं सप्टेंबरात सुरू होतात. मग काम कोरड्यात व्हावं म्हणून ठेकेदारानं वरच्या बाजूला वाळूच्या गोण्यांचा छातीइतका बांध घातला, आणि पाणी झिरपू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद. मागं तुंबलेलं पाणी पंपानं उचलायचं आणि पाइपानं कामाच्या पलीकडं नेऊन सोडायचं. पाटीवर लिहिलं होतं, 'तात्पुरता पूररोधक अडथळा'. गाव म्हणायचं गोण्यांचा बांध.

शुक्रवारी दुपारी पावणेदोनला तो बांध गेला. आवाज एवढा मोठा की अंगणात बाजरी पाखडणाऱ्या बाया सुपं टाकून पळाल्या. छातीभर पाणी दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून सुसाट निघालं, आणि त्या जागेत एकटा भागवत गवंडी होता. एकतीस वर्षांचा, गोजरबाईचा एकुलता एक.

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. पंपावर अझहर असतो. शुक्रवारी एक ते दोन तो मशिदीत जातो. पंप बंद करून गेला, पाणी चढलं, बांधावरून उलटलं आणि बांध घेऊन गेलं. गोजरबाईनं ऊर बडवत तीच फिर्याद दिली आणि पोलिसांनी अझहरला उचललं. त्याच रात्रीत कोणीतरी त्याच्या घराच्या दाराला डांबर फासलं.

शनिवारी सकाळी अझहरची आई शमशाद माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या हाताला डांबर लागलेलं होतं, घासून घासून कातडी लाल झाली होती.

"भाऊ, पोरगं शपत घेऊन सांगतंय, पंप चालू हुता म्हून. पानी बांधाच्या दोन वीत खाली हुतं. कोन ऐकत न्हाई. तुमाला पान्यातलं कळतं. एकडाव जाऊन बघा."

"बघून काय होणार शमशाद? पंचनामा झाला की."

"आज कोर्टात नेत्यात, सोमवारी पुन्यांदा नेनार हायेत. आन भाऊ, गावातली पोरं म्हनत्यात, त्यो सुटून आला तरी गावात पाय ठिवू देनार न्हाई." ती उठली. "आमचं घरच न्हाई ऱ्हायचं हितं."

मी चप्पल घातली.

२

आभाळ काळं ठिक्कर झालं होतं. परतीचा पाऊस डोंगराकडं गुरगुरत होता आणि ओढ्यात घोट्याएवढंच पाणी उरलं होतं, गढूळ, निमूट. मधला बांध साफ गेला होता. दोन्ही काठांना मात्र गोण्यांचे दोन तुकडे पडक्या भिंतीसारखे उभे होते.

डाव्या तुकड्यावर फेसाची आणि पाचटाची रेघ होती. तुंबलेलं पाणी जिथवर चढतं तिथं कचऱ्याची अशी रेघ सोडतं. मी वीत लावून मोजलं. रेघ बांधाच्या माथ्यापासून बरोब्बर दोन वीत खाली! म्हणजे पाणी बांधावरून उलटलंच नव्हतं. अझहर खरं बोलत होता, आणि पंचनामा करणाऱ्यांनी साधी वीत टाकून पाहायचे कष्ट घेतले नव्हते. माझ्या तोंडून शिवी गेली ती काही इथं लिहीत नाही.

मग बांध गेला कशानं?

उजव्या काठाला गेलो. तुकडा संपतो तिथं प्लॅस्टिकच्या कागदाची कड फडफडत होती. खालचा भाग वेडावाकडा फाटलेला, पण माथ्यापासून पाण्याच्या रेघेखाली वीतभर जाईपर्यंत तो सरळ कापलेला होता. विळ्यानं ओढल्यावर कापतो तसा. आणि काठावर, वरच्या अंगाला, तीन गोण्या नीट एकावर एक रचून ठेवलेल्या. पुरानं वाहून आलेली गोणी अशी बसत नाही. ती कोणीतरी उचलून, हाताशी लागेल अशी ठेवलेली होती.

गुडघे दुखत असताना मी खाली उतरलो आणि चिखलात हात घातला. आत गोणपाटाची घडी होती. तिच्यावर एक चपटा दगड.

कोणाला वाटेल, गवंड्यांच्या कामावर गोणपाट असायचंच. असतं ना. पण ते दगडाखाली घडी घालून कोण ठेवतं? ही गोष्ट शेताला पाणी देणाऱ्या माणसालाच कळेल. पाण्याची वाट बदलायला आपण सरीच्या बांधाला जे तोंड पाडतो, त्याला दारं म्हणतात. अडाणी माणूस खोऱ्यानं भसकन दारं मोडतो, मग धार तळ खाते आणि सगळा बांध जातो. शहाणा माणूस आधी तळाला गोणपाट टाकतो, वर चपटा दगड ठेवतो आणि मग वीतभर दारं मोडतो. काढलेली माती वरच्या बाजूला हाताशी ठेवतो, कारण काम झालं की त्याला दारं परत बुजवायचं असतं.

गोणपाट आणि दगडाची ही रीत आमच्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, मीच आणली. ज्या काळी माझी चारी चालू होती, त्या काळी गडी आणि बाया मिळून तीस-पस्तीस जणांना मी उभं राहून शिकवली, वेळेला ओरडून, वेळेला खोऱ्याचा दांडा आपटून. दुसऱ्या कुठल्या चारीवर मी ती बघितलेली नाही.

म्हणजे बांध कोणीतरी हातानं उघडला होता, आणि तो हात माझ्याच तालमीतला होता.

३

गावात बांधावर सगळ्यात जास्त कोण चिडलं होतं ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आप्पासाहेब. त्यांचा तीन एकर ऊस ओढ्याच्या वरच्या काठाला, आणि तुंबलेल्या पाण्यानं आठ दिवस मांडीभर बुडालेला. ग्रामसभेत माइक हातात घेऊन ते म्हणाले होते, "बांध हलवा, न्हाईतर मी फोडतो."

मी गेलो तेव्हा ते पडवीत खुर्ची टाकून बसले होते. उसाकडं तोंड, माझ्याकडं पाठ.

"या पाटकरी. मला वाटलंच, कोनतरी येनार. पोलीस न्हाई आले, तुमी आला."

"तुम्ही बोलला होता फोडीन म्हणून."

"बोललो. परत बोलंन. माझा ऊस कुजला." ते वळले. डोळे लाल झाले होते. "आवो, पन मला फोडायचा असता तर मी जेसीबी नेला असता, वाजतगाजत. आप्पासाहेब भित्रा न्हाई. आनि भागवत माझ्या घरच्या ओट्याचं काम करून गेला मागल्या म्हयन्यात. ग्वाड पोरगं."

"शेवटचं दारं कधी धरलं होतं तुम्ही?"

ते हसले. हसण्यात आनंद नव्हता. "चेष्टा करता का? बापाच्या राज्यात गडी धरायचे, माझ्या राज्यात ठिबक आलं. मी खोरं हातात घेतल्याचं तुमी तरी बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. पण माणूस खोटं बोलू शकतो, गडी पाठवू शकतो. तेवढ्यात तेच म्हणाले, "आनि मला सांगा, वीतभर पानी उतरून माझं काय भलं व्हनार हुतं? उसात पानी मांडीला लागत हुतं. मला सगळं तळं रिकामं पायजे हुतं. सगळ्या काठानं तक्रार केली हुती त्या ठेकेदार अमृतकडं, घरटी मानूस गेलं हुतं. मग एकट्या माझ्याच नावानं का बोंब?"

मी दाराबाहेर पडलो आणि मधेच थांबलो. दाऱ्याची वीत मी मोजली होती, ती कोणाला सांगितली नव्हती. आप्पासाहेबांना 'वीतभर' कुठून कळलं?

परत फिरलो. विचारलं. ते गोंधळले, मग म्हणाले, "मला कसं कळनार? सकाळी शमशाद रडत सांगत हुती ना सगळ्यांना, वीत वीत करून."

खरंच की. शमशाद दोन वीत म्हणत होती, त्यातली एक ह्यांनी उचलली. मी स्वतःवरच चडफडलो. संशय एकदा डोक्यात शिरला की साध्या बोलण्यालाही शिंगं फुटतात. पण त्या गडबडीत एक गोष्ट माझ्या मनात बसली. दारं उघडणाऱ्याला तळं रिकामं करायचं नव्हतं. त्याला थोडंसंच पाणी उतरवायचं होतं. थोडंसंच का?

४

ठेकेदार अमृत पुलाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता. शेडच्या कुलपाची किल्ली त्याच्या करगोट्याला, आणि तो आतून कडी लावून. मला बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"बाबा, तुमी तरी नका छळू. मी सगळं पोलिसांना सांगितलंय. मानसं एकला वर आली, लिंबाखाली जेवायला बसली. भागवत मधेच उठून कधी खाली उतरला, मला ठाव न्हाई."

"हे एक वाजता वर यायचं काय प्रकरण?"

"अझहरचीच शिस्त ती. त्यो म्हनायचा, पंपापाशी मानूस न्हाई तर ओढ्यात मानूस न्हाई. शुक्रवारी एक ते दोन ओढा रिकामा. सगळ्या गावाला ठाव हाय."

ज्याला गाव खुनी म्हणत होतं, त्यानंच ही शिस्त लावली होती! मला शमशादचे ते लाल हात आठवले आणि डोकं तापलं.

"अमृत, ताडपत्र्या कुठं ठेवतोस?"

"हितं. शेडात."

"आणि शेडाची किल्ली?"

त्याचा हात नकळत कमरेला गेला.

"भागवतच्या मनगटाला ताडपत्रीची दोरी होती," मी म्हणालो. "ताडपत्री शेडात. किल्ली तुझ्या कमरेला. मग जेवता जेवता मधेच उठून त्यानं ताडपत्री काय आभाळातून आणली?"

अमृत पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. मग एवढा दांडगा गडी एकदम रडायलाच लागला.

"आभाळ भरून आलं हुतं बाबा. सकाळचं काँक्रीट वलं हुतं, पावसानं धुऊन गेलं आसतं. मी म्हनालो भागवत, धा मिनटाचं काम हाय, तेवढी ताडपत्री टाकून यी. त्यो म्हनाला, अझहर न्हाई पंपावर. मी म्हनालो, मी हाय की." त्यानं नाक पुसलं. "मी नव्हतो बाबा. मी हितं मोबाईलवर बोलत हुतो, त्याच्या धा मिनटाचा पाऊन तास झाला तरी. कोनाला नका सांगू."

"सांगणार," मी म्हणालो. "आणि तूही सांगणार."

बाहेर आलो. आतापर्यंत मी खुनी शोधत होतो. पण ज्याला खून करायचा असतो, तो ओढ्यात माणसं असताना बांध उघडेल. ह्या माणसानं आठवड्यातला असा एकच तास निवडला होता, ज्या तासाला गावाच्या समजुतीप्रमाणे ओढा रिकामा असतो. त्यानं गोणपाट टाकलं, दगड ठेवला, गोण्या हाताशी रचल्या. कोणाला लागू नये म्हणून एवढी काळजी घेतली. आणि तरीही खाली माणूस होता.

जो कोणी असेल, त्याला त्या वेळी हे माहीत नव्हतं. आता सगळं गाव जाणत होतं, म्हणजे त्यालाही कळलंच असणार.

५

रविवारी सकाळी भागवतची राख सावडली. मी चर्चमध्ये भक्तीला न जाता तिकडं गेलो. दुपारी गोजरबाईच्या घरी बायामाणसं बसली होती. घर ओढ्याच्या वरच्या काठाला, बांधापासून हाकेच्या अंतरावर. खाली दगडाचं जोतं, वर मातीची भिंत, वर पत्रा.

मला बघून गोजरबाईनं हंबरडा फोडला.

"पाटकरी, बगा वो! माझ्या लेकराला खाल्लं त्या मुडद्यानं! पंप बंद करून गेला! त्याला फाशी द्या म्हनावं, माझ्या डोळ्यादेखत द्या!"

मी बसलो.

"जेवायला यायचा हुता," ती सगळ्यांना सांगत होती, बहुतेक शंभराव्यांदा. "एक वाजता येतो म्हनला. शुक्रवारी घरी जेवायचा ना त्यो. ताट वाढून झाकून ठिवलं हुतं. पिठलं निवून गेलं."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्याच्यानं तिथं बसवेना. हात धुवायच्या निमित्तानं मी मागच्या अंगाला गेलो. तिथं चूल, दोन शेळ्या, आणि दहा पावलांवर ओढा.

मागच्या भिंतीचा खालचा गिलावा फुगून गळून पडला होता. आठ दिवस बांधामागचं पाणी ह्या भिंतीला टेकलं होतं. मातीची भिंत पाणी प्याली की काही दिवस उभी राहते आणि मग एकाएकी बसते, आतल्या माणसांसकट. मी वाकून बघितलं. गिलाव्यावर फेसाची आणि पाचटाची रेघ होती, बांधावर होती तशीच. हे बरोबर होतं.

तिच्या खाली आणखी एक रेघ होती.

मी डोळे चोळले. बांध जर एकाएकी फुटला तर पाणी एका दमात खाली जातं, मधे रेघ सोडत नाही. रेघ उमटायला पाणी एका जागी थोडा वेळ तरी उभं राहावं लागतं. म्हणजे बांध जाण्याआधी पाणी हळूहळू उतरलं होतं आणि ह्या दुसऱ्या रेघेवर येऊन थांबलं होतं. वीत लावली. दोन रेघांत एक वीत, बोटभरही कमी-जास्त नाही.

आणि ती खालची रेघ कुठं होती? मातीची भिंत संपून दगडाचं जोतं सुरू होतं, नेमकी त्या सांध्यावर. तळ्यातलं पाणी एक वीतच उतरवलं होतं, ह्या एका घराची माती पाण्याबाहेर निघेल एवढंच. आप्पासाहेबांच्या उसाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दुसऱ्या कुठल्या घरालाही नाही, कारण बाकीची सगळी घरं सिमेंटची.

 चारीवर पाणी शिकायला आलेली एक तरणी विधवा मला आठवली, पाठीला तान्हं पोर बांधून माझ्या शिव्या खात उभी राहिलेली. तीस-पस्तीस जणांत सगळ्यात चांगलं दारं तिचंच असायचं.

"काय बगताय पाटकरी?"

गोजरबाई मागं येऊन उभी होती.

६

मी बायकांना म्हटलं, तुम्ही जरा घरी जा. कुरकुरत गेल्या. गोजरबाई चुलीपाशी बसली, मी उंबऱ्यावर. देवा, ह्या कामाला दुसरं कोणी का नाही, असं मनापासून वाटलं. शमशाद माझ्या दारात आली नसती तर बरं झालं असतं, असंही वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

"गोजरबाई, शुक्रवारी दारं तू मोडलंस?"

ती चिडली नाही, घाबरली नाही. उलट तिला बरं वाटलं असावं, असं काहीतरी तोंडावर आलं.

"वीतभरच मोडलं. भित बसाया आली हुती. चारदा गेले त्या अमृतकडं, त्यो हां हां करतो आन फोनवर बोलत बसतो. म्हनलं, शुक्रवारी एकला ओढ्यात कोन नसतंय. भागवतही घरी येतोय जेवाया. तवर वीतभर पानी उतरून घ्यावं आन दोनच्या आत दारं बुजवून टाकावं. कोनाला कळायचं बी न्हाई."

"मग?"

"मग काय. तीन गोन्या काढल्या, कागद विळ्यानं कापला. धार बारीक, आयन्यावानी. थांबून बगितली मी, पाटकरी. पळून न्हाई आले. मग घरी येऊन भित बगितली, पानी जोत्यावर उतरलं हुतं. ताट वाढलं. बुजवाया निगाले तर..." तिनं मान जोरात हलवली. "पन ते माज्या दाऱ्यानं न्हाई. वरून उलटलं पानी. फौजदार म्हनले, समदे म्हनले. अझहरचा पंप बंद हुता."

"पंप चालू होता. पाणी बांधाच्या दोन वीत खाली होतं. रेघ आहे तिथं, ये दाखवतो."

"मी गोनपाट टाकलं हुतं!" ती ओरडली. "दगूड ठिवला हुता! तुमीच सांगितलं ना, गोनपाट टाकलं की दारं खात न्हाई? सांगितलं ना? इतकी वरसं दारं धरली, एक बांध गेला का माजा? सांगा, गेला का?"

"नाही गेला."

"मग!"

 मी म्हणालो, "गोजरबाई, ते मातीचं होतं. माती धरून ठेवते. गोण्यांचा बांध मातीचा नसतो. तो त्या कागदावर उभा असतो. कागद कापला की धार दिसायला बारीक दिसते, पण पाणी कागदाच्या मागून गोण्यांच्या बुडाशी शिरतं. वाळू सुटते, गोण्या एकमेकींवरून घसरतात. वरून काही दिसत नाही. अर्धा तास दिसत नाही, आणि मग सगळा बांध एकदम जातो. तुझी चूक एवढीच की तू त्याला मातीचा बांध समजलीस. मी तुला मातीचंच शिकवलं होतं."

ती ऐकत होती. पाणी सोडताना लांबून पाटकऱ्याची हाक ऐकावी तशी मान एका बाजूला करून, लक्षपूर्वक.

"भागवत खाली कसा गेला?" तिनं विचारलं.

मी अमृतचं सगळं सांगितलं, ताडपत्रीपासून किल्लीपर्यंत, काही झाकलं नाही. मला वाटलं, आता ती अमृतच्या नावानं शिव्या देईल, आणि खरं सांगतो, तिनं द्याव्यात अशी माझी इच्छा होती. तिनं दिल्या नाहीत. चुलीतली राख काडीनं सारखी करत बसली. ताट अजून तिथंच झाकलेलं होतं, मुंग्या लागलेलं.

"म्हंजे मी त्याची वाट बगत हुते," ती म्हणाली, "आन त्यो तिथं हुता."

मी रडलो. सत्तरीच्या माणसानं उंबऱ्यावर बसून रडावं हे काही शोभत नाही, पण रडलो. ती रडली नाही. जरा वेळानं तिनं विचारलं, "अझहरला कवा नेनार?"

"उद्या सकाळी."

"लगीन ठरलंय ना त्याचं?"

"ठरलं होतं. मुलीकडच्यांनी काल निरोप धाडला, मोडलं म्हणून."

गोजरबाई उठली. शेळ्यांना पाला टाकला, तोंडावर पाणी मारलं आणि चालू लागली. मी मागून. गावातून जाताना ओट्या-ओट्यावर माणसं उभी राहिली. दोघांनी विचारलं, कुठं निघाला. ती चालत राहिली. पुलावर ती थांबेल असं वाटलं होतं. तिसऱ्या मोरीवरून ती न थांबता पुढं गेली.

पोलीस चौकीच्या पायरीवर शमशाद डबा घेऊन बसली होती. गोजरबाईला पाहून ती चटकन उठली आणि दोन पावलं मागं सरली. मार खाल्लेला माणूस सरतो तशी. ह्या बाईनं दोन दिवस तिच्या पोराच्या नावानं सगळं गाव डोक्यावर घेतलं होतं.

गोजरबाई तिच्या समोर उभी राहिली. म्हणाली, "शमशाद, तुजं पोरगं खरं बोलत हुतं." एवढंच. शमशादच्या हातातला डबा खाली पडला आणि ती तशीच उभी राहिली.  

आत फौजदार चहा पीत होते. मी रेघा सांगितल्या, गोणपाट सांगितलं, शनिवारी फाडून खिशात ठेवलेली त्या कापलेल्या कागदाची कड टेबलावर ठेवली आणि अमृतचंही सांगितलं. त्यांनी चहा बाजूला सारला. मग गोजरबाईनं सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही. फौजदारांचा आवाज उतरला.

"आजी, बसा आधी. म्हणजे आता... तुमची ती अझहरविरुद्धची फिर्याद. ती मागं घ्यायची म्हणता?"

"न्हाई."

"मग?"

"माजा ल्योक मेला ते खोटं हाय का? फिर्याद तशीच ऱ्हाऊ द्या सायेब. नाव तेवडं बदला."

फौजदारांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. त्यांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि हळू आवाजात विचारलं, "काय लिहू?"

आमच्याकडं त्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. गोजरबाईनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, थांबत थांबत, त्यांना नीट लिहिता यावं म्हणून.